बाटली धुऊ नका: औषधाने इजा केली तर कंपनीपर्यंत कसं पोचायचं

शनिवारी संध्याकाळी आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात एक काका आले. नातीला खोकल्याचं औषध दिलं, दुसऱ्या दिवसापासून उलट्या, मग लघवी कमी, आणि आठ दिवस दवाखाना. पोरगी वाचली. काकांनी पिशवीतून औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. स्वच्छ धुतलेली, लेबल पाण्यात भिजवून काढलेलं, आत खोबरेल तेल. "झाकण चांगलं घट्ट आहे ना, म्हणून हिने तेलाला घेतली," ते म्हणाले.

मी चौदा वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे काढली आहेत आणि गेली काही वर्षं शनिवारी या केंद्रात बसते. वकील नाही. पण ती बाटली पाहून पोटात खड्डा पडला, कारण औषध कंपनीविरुद्धच्या कुठल्याही तक्रारीचा पहिला प्रश्न असतो: बॅच नंबर? कंपनीचं नाव, डॉक्टरची चिठ्ठी, दवाखान्याचं बिल हे सगळं नंतर गोळा करता येतं. बॅच नंबर हातून गेला की कंपनी म्हणते, आमचं औषध लाखो लोक घेतात, तुम्ही घेतलंत ते आमचंच होतं कशावरून?

२०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. बरीचशी मुलं उपचाराला आमच्या नागपुरात आणली गेली. वीसहून जास्त मुलं गेली. शेवटी माग लागला तो कोल्ड्रिफ नावाच्या सिरपच्या एसआर-१३ या एका बॅचचा. ती तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यातल्या स्रेसन फार्मास्युटिकल या कारखान्यात बनली होती. तमिळनाडूच्या औषध विभागाने कारखान्यातून नमुना उचलून तपासला, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे बाटलीतलं जवळपास अर्धं द्रव्य विष होतं. परासियातल्या डॉक्टरला अटक झाली, मग कंपनीच्या मालकाला, आणि कारखान्याचा परवाना रद्द झाला. परासियापासून कांचीपुरमपर्यंतचा रस्ता बाटलीवरच्या त्या चार-पाच अक्षरांनी दाखवला.

मुंबईकरांना हे विष नवं नाही. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून हेच पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने तेव्हा औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच, म्हणून खालचं सगळं नीट वाचून ठेवा.

आधी ओळखा: चूक कुणाची?

औषधाने त्रास झाला म्हणजे प्रत्येक वेळी कंपनी दोषी असतेच असं नाही. हे मी काउंटरवरच शिकले.

पहिला प्रकार म्हणजे औषध बनवतानाच चुकलं: विषारी भेसळ, कमी-जास्त मात्रा, सलाइनमध्ये बुरशी. इथे कंपनी सरळ सापडते. दुसरा, औषध ठीक बनलं पण जो धोका माहीत होता तो सांगितला नाही. उदाहरणार्थ, पाळीच्या दुखण्यावर घराघरांत घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने (औषधांची मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस इशारा दिला, की त्याने 'ड्रेस' नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते. असा जाहीर इशारा निघाल्यावर 'आम्हाला कल्पना नव्हती' हे कंपनीला म्हणता येत नाही. तिसरा, औषधच बनावट, नाव एका कंपनीचं आणि माल भलत्याचाच. इथे नाव चोरीला गेलेली कंपनी सुटते आणि मेडिकलवाल्याने माल कुणाकडून घेतला ही साखळी महत्त्वाची होते. चौथा, धोका पत्रकात छापलेला होता, डॉक्टरांना माहीत होता, तरी चुकीच्या रुग्णाला किंवा चुकीच्या मात्रेत दिलं. हे प्रकरण डॉक्टरकडे जातं.

तुम्हाला पहिल्या दिवशी प्रकार कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. तक्रारीत 'मला अमुक झालं, तपासा' एवढंच लिहा. 'कंपनीने विष घातलं' असं लिहिलंत तर ते सिद्ध करण्याचं ओझं उगाच आपल्या डोक्यावर येतं.

पहिले दोन दिवस

उरलेलं औषध बाटलीत तसंच ठेवा. झाकण घट्ट लावा, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला टेप लावा, वर तारीख लिहा. ओतू नका, दुसऱ्या भांड्यात काढू नका. फ्रीजमध्ये ठेवायचं औषध असेल तर फ्रीजमध्ये, पण मुलांचा हात पोचणार नाही असं. गोळ्यांची स्ट्रिप असेल तर रिकामी झाली तरी टाकू नका. बॅच नंबर बहुधा एका कडेलाच ठोकलेला असतो आणि आपण गोळ्या नेमक्या त्याच कडेकडून फाडत येतो. खोका आणि आतलं पत्रकही जपा.

मग भिंगातून लेबल वाचा. मोबाइलचा कॅमेरा मोठा करूनही चालतं. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत, उत्पादन परवाना क्रमांक, आणि 'निर्माता' व 'मार्केटेड बाय' ही दोन्ही नावं उतरवा. बऱ्याच औषधांवर मोठं नाव असतं ते विकणाऱ्या कंपनीचं. बनवणारा भलताच कुणी, हिमाचलातल्या बद्दीचा नाहीतर उत्तराखंडातला, बारीक अक्षरात असतो. पूर्वी मोठी कंपनी 'आम्ही फक्त विकतो' म्हणून हात झटकायची. १ मार्च २०२१ पासून नियम बदलला आहे, औषधाच्या दर्जाला मार्केटिंग करणारी कंपनीही तितकीच जबाबदार आहे. म्हणून दोन्ही नावं लिहा. सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो स्कॅन करून आलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. कोड उघडलाच नाही किंवा छापील बॅचशी जुळला नाही, तर तो बनावटपणाचा पहिला पुरावा.

बिल नसेल तर लगेच मेडिकलमध्ये जा. भांडायला नाही, बिलाची नक्कल मागायला. बहुतेक दुकानांच्या संगणकात प्रत्येक विक्री बॅचसकट नोंदलेली असते. मेडिकलवाला घाबरून टाळाटाळ करेल, तेव्हा त्याला शांतपणे सांगा की परवानाधारक होलसेलरकडून रीतसर घेतलेला आणि नीट ठेवलेला माल विकला असेल, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम १९ त्यालाच वाचवतं. पण माल कुठून आला हे सरकारी औषध निरीक्षकाने विचारल्यावर सांगणं कलम १८-ए प्रमाणे त्याला भागच आहे. हे ऐकल्यावर निम्मे लोक खुर्ची पुढे करतात.

त्याच बॅचचं सीलबंद औषध दुकानात असेल तर एक विकत घ्या आणि बिलावर बॅच नंबर आहे ना ते तिथेच बघा. उघडलेल्या बाटलीपेक्षा सीलबंद बाटली पुरावा म्हणून कितीतरी पक्की.

डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

केस पेपरवर औषधाचं नाव, किती मात्रा, कधी सुरू, त्रास कधी सुरू, औषध बंद केल्यावर त्रास कमी झाला का, हे क्रमाने आलं पाहिजे. 'औषधाची प्रतिक्रिया असण्याचा संशय' हे शब्द डॉक्टरांनी लिहिले तर सोन्याहून पिवळं. बरेच डॉक्टर लिहायला कचरतात, कारण औषध त्यांनीच दिलेलं असतं. मग दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो मेडिकल कॉलेजमधल्या तज्ज्ञाचं मत घ्या.

सगळ्या कागदांची नक्कल लेखी मागा, मागणी अर्जाची पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाला केस पेपर मिळायलाच हवेत हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं आहे.

दुर्दैवाने मृत्यू झाला असेल तर एक कठीण गोष्ट सांगते: शवविच्छेदन टाळू नका, आणि व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवा अशी लेखी विनंती करा. त्या घडीला घरच्यांना हे नकोसं वाटतं, लहान मूल असलं तर जास्तच. पण अंत्यसंस्कार झाल्यावर 'आजारानेच गेला' हा कंपनीचा बचाव खोडायला हातात फार थोडं उरतं.

चार दारं, चारही वेगळी

लोक एका ठिकाणी तक्रार करतात आणि वाटतं, झालं, आता यंत्रणा फिरेल. तसं होत नाही. औषध प्रशासन, दुष्परिणाम नोंदणी, पोलिस आणि ग्राहक आयोग ही चार दारं वेगळी आहेत. एकात ठोठावलं म्हणून दुसरं उघडत नाही. जिथे जिथे लागेल तिथे आपणच जायचं.

सगळ्यात सोपं दार दुष्परिणाम नोंदणीचं. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम गाझियाबादच्या औषधकोश आयोगातून चालतो. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः सांगू शकतो, आणि सामान्य माणसाने भरायचा अर्ज मराठीतही मिळतो. मेडिकल कॉलेजांमध्ये याची केंद्रं असतात. तिथे औषध आणि त्रास यांचा संबंध 'निश्चित', 'बहुधा', 'शक्य' की 'असंभव' हे ठरवलं जातं. या नोंदीने एक पैसा मिळत नाही. पण दोन वर्षांनी ग्राहक आयोगासमोर उभं राहाल तेव्हा घटना ताजी असताना केलेली एक सरकारी नोंद तुमच्या बाजूने बोलेल. शिवाय तसाच त्रास इतर दहा जिल्ह्यांतून नोंदला गेला असेल तर तो तिथेच दिसतो.

औषध प्रशासन: खरी लढाई इथे

महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाचे सहायक आयुक्त (औषधे) बसतात. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. गोव्यात हेच काम अन्न व औषध प्रशासन संचालनालय करतं. फोन करा, पण फोनवर थांबू नका. लेखी अर्ज द्या आणि नकलेवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. अर्ज साधारण असा:

"प्रति, मा. सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन. विषय: ___ या औषधाच्या बॅच क्र. ___ बाबत तक्रार व नमुना तपासणीची विनंती. मी दि. ___ रोजी ___ मेडिकल येथून बिल क्र. ___ अन्वये वरील औषध खरेदी केले. निर्माता ___, विपणन करणारी कंपनी ___. औषध घेतल्यानंतर रुग्णास ___ त्रास झाला. उपचाराची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. सदर बॅचचे नमुने विक्रेता, वितरक व निर्माता यांच्याकडून औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २२ व २३ अन्वये तातडीने घेऊन विश्लेषण करावे, तोवर सदर बॅचची विक्री थांबवावी आणि विश्लेषण अहवालाची प्रत मला द्यावी. उरलेले औषध मी जपून ठेवले असून मागणी केल्यास पंचनामा करून हजर करीन."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. काही जण बाटली तशीच निरीक्षकाच्या हातात देऊन येतात आणि नंतर ती कुणाला सापडत नाही. द्यायचीच तर पंचनामा किंवा सहीची पावती घेऊन द्या, आणि देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.

कायद्याच्या दृष्टीने खरा नमुना तो, जो औषध निरीक्षक ठरलेल्या पद्धतीने, नमुन्याचे वेगवेगळे भाग करून, सील करून घेतो. तुमची अर्धी संपलेली बाटली त्या नमुन्याची जागा घेत नाही. तिचं काम, कुठल्या बॅचमागे धावायचं ते निरीक्षकाला दाखवणं. म्हणून निरीक्षकाने दुकानातून, होलसेलरकडून आणि कारखान्यात राखून ठेवलेल्या नमुन्यातून माल उचलावा यासाठी पाठपुरावा करा. औषध विकून संपायला वेळ लागत नाही. आठवडा गेला की 'त्या बॅचचा माल शिल्लक नाही' हे उत्तर तयार असतं.

निरीक्षक हलत नसेल तर त्याच कायद्याचं कलम २६ वापरा. हे फार कमी लोकांना माहीत आहे. औषध विकत घेणारा कुणीही माणूस, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकते. त्यासाठी फॉर्म १४-ए भरायचा. त्यात एक घोषणा असते: नमुना मी किंवा माझ्यासाठी विकत घेतला आहे आणि विकत घेतला तसाच आहे, त्यात काही फेरफार केलेला नाही. मघाशी घ्यायला सांगितलेली सीलबंद बाटली इथे उपयोगी पडते. निकाल सहीनिशी मिळतो.

अहवाल कंपनीविरुद्ध आला तरी लगेच पेढे वाटू नका. अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत त्याला आव्हान देता येतं, आणि मग राखून ठेवलेला नमुना कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत जातो. वेळकाढूपणा तिथे होतो.

अहवालाचे शब्दही बारकाईने वाचा. 'अप्रमाणित' म्हणजे दर्जा कमी, 'मिथ्याछाप' म्हणजे लेबल खोटं, 'बनावट' आणि 'भेसळयुक्त' हे सगळ्यात गंभीर. आरोग्याला घातक विषारी द्रव्य असलेलं औषध कायद्याच्या व्याख्येत भेसळयुक्त ठरतं. अशा औषधाने मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्यासारखी असेल तर कलम २७ (ए) लागतं: किमान १० वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, आणि किमान १० लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल तो दंड. या दंडाची वसूल रक्कम औषध वापरणाऱ्या पीडिताला, तो गेला असेल तर नातलगाला, भरपाई म्हणून द्यायची असते. ही तरतूद २००८ च्या दुरुस्तीने आली आहे. सरकारी वकिलाला तिची आठवण करून द्यायला संकोच करू नका.

उलट प्रकरण २७ (डी) मध्ये बसवलं तर शिक्षा एक-दोन वर्षांची, आणि २०२३ च्या जन विश्वास कायद्याने ते पैसे भरून तडजोडीने मिटवण्याची सोय करून ठेवली आहे. व्यवसाय सुलभ व्हावा म्हणून म्हणे. व्यवसाय कुणाचा आणि सुलभ कुणाला, ते तुम्हीच ठरवा. आपलं प्रकरण कुठल्या कलमात टाकलं जातंय यावर लक्ष ठेवा आणि तडजोडीला हरकत असेल तर ती लेखी नोंदवा.

काहीच कळत नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. 'अमुक बॅचचा शासकीय विश्लेषकाचा फॉर्म १३ मधील अहवाल, निर्मात्याला दिलेल्या नोटिसा आणि परत मागवलेल्या मालाची नोंद' एवढंच मागा. केंद्रीय औषध नियंत्रण संघटना दर महिन्याला अप्रमाणित ठरलेल्या औषधांची बॅचसकट यादी जाहीर करते. तीही बघत राहा. तुमची बॅच नसली तरी त्याच कारखान्याच्या इतर बॅचेस तिथे वारंवार दिसत असतील तर प्रिंट काढून फाइलला लावा.

पोलिस

इथे फसगत होते. लोक ठाण्यात जातात, औषध कायद्याखाली गुन्हा नोंदवा म्हणतात, आणि ठाणे अंमलदार म्हणतो आमचं काम नाही. तो प्रत्येक वेळी टोलवतच असतो असं नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की औषध कायद्याच्या चौथ्या प्रकरणातल्या (औषधं बनवणं-विकणं याबद्दलच्या) गुन्ह्यांचा एफआयआर पोलिस नोंदवू शकत नाहीत. तो खटला औषध निरीक्षक, अधिकृत राजपत्रित अधिकारी, त्रस्त व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना थेट न्यायालयात दाखल करते. 'त्रस्त व्यक्ती' म्हणजे तुम्ही. निरीक्षकाने काही केलं नाही तर तुमचा हा हक्क शाबूत राहतो.

पोलिसांकडे मागायचं ते भारतीय न्याय संहितेखाली: औषधात भेसळ कलम २७६, भेसळीच्या औषधाची विक्री २७७, आणि मृत्यू असेल तर निष्काळजीपणाचं १०६ किंवा सदोष मनुष्यवधाचं १०५. अर्जात ही कलमं लिहून न्या. मृत्यू झाला असेल तर पोलिसांकडे जायला एक तासही लावू नका.

ग्राहक आयोग: पैसे इथून

फौजदारी खटल्याने कुणी तुरुंगात जाईल, पण दवाखान्याचं बिल फिटणार नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्यात 'उत्पादन दायित्व' हे आख्खं प्रकरण आलं आहे, कलम ८२ ते ८७. उत्पादनात दोष, ठरलेल्या प्रमाणापासून फारकत, किंवा वापराच्या पुरेशा सूचना आणि इशारे नसणं, यांतलं काहीही दाखवता आलं तर निर्माता जबाबदार. कंपनीच्या मनात काय होतं, हेतू होता का, हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

लोक नेहमी विचारतात, औषध नव्वद रुपयांचं आणि भरपाई मागायची तीस लाखांची, मग तक्रार कुठे? कुठला आयोग हे भरपाईवर नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत किंमत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हाच निकष कायम केला. म्हणजे नव्वद रुपयांच्या सिरपसाठी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, फुकटात, तीस लाख मागू शकता. कंपनी कांचीपुरमला असो नाहीतर बद्दीला, यायचं त्यांनी. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते, आणि मार्गदर्शनाला १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका. 'आधी फौजदारी निकाल लागू दे, मग बघू' असं ज्यांनी केलं त्यांतले बरेच इथे अडकले. दोन्ही एकाच वेळी चालू द्या.

प्रतिवादी म्हणून निर्माता, मार्केटिंग कंपनी, वितरक आणि विक्रेता या चौघांनाही घ्या. डॉक्टरला घ्यायचं का हे विचार करून ठरवा. कारण कलम ८७ मध्ये कंपनीसाठी एक पळवाट आहे: औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचं होतं आणि तज्ज्ञाला आम्ही पुरेसा इशारा दिला होता, असं ती म्हणू शकते. तेव्हा इशारा मिळाला होता की नाही हे सांगणारा एकच माणूस, डॉक्टर. त्याला प्रतिवादी करून शत्रू करायचं की साक्षीदार करायचं? चूक औषधाच्या मिश्रणात असेल तर माझं मत साक्षीदार करा. मिश्रणच विषारी असेल तर या पळवाटेतून कंपनीला फारसं निसटता येत नाही.

तपासणी झाली नसेल तर आयोगालाच विनंती करा. तो नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर उत्तर घेतलं जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे. तो दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने करून ठेवा, आणि कंपनीचा वकील पुढची तारीख मागायला उठला की तुम्हीही उठा.

खर्चात काय धरायचं? दवाखाना, औषधं, तपासण्या हे सगळे लिहितात. विसरतात ते: गावाहून येण्या-जाण्याची तिकिटं, बुडालेली रोजंदारी, मुलाजवळ बसायला सुटी घेतलेल्या आईचा कापलेला पगार, पुढच्या डायलिसिसचा किंवा औषधांचा अंदाजे खर्च डॉक्टरांच्या सहीने, आणि मानसिक त्रास. एसटीची तिकिटं एका वहीत चिकटवून ठेवा. लहान मुलाच्या वतीने आईवडील आणि मृताच्या वतीने वारस तक्रार करू शकतात. एकाच बॅचने अनेकांना इजा झाली असेल तर कलम ३५ खाली सगळ्यांच्या वतीने एक तक्रार करता येते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचा सल्ला तिथे फार उपयोगी पडतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

औषध सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालं असेल तर

मग ग्राहक आयोगाचं दार जवळजवळ बंद, कारण पैसे मोजलेले नसतात. पण रस्ता संपत नाही. जम्मूतल्या रामनगरला २०१९-२० च्या थंडीत अशाच विषारी सिरपने १२ मुलं गेली, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने प्रत्येक कुटुंबाला ३ लाख रुपये द्यायला लावले. औषधं तपासणं हे प्रशासनाचं काम होतं आणि त्यात कसूर झाली, म्हणून पैसे सरकारने द्यायचे. सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि हरलं. मानवी हक्क आयोगाला साधं पत्र पुरतं. मोठी रक्कम हवी असेल तर उच्च न्यायालयात रिट: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही.

औषधाच्या चाचणीत सहभागी झाल्यावर इजा झाली असेल तर नियम वेगळे आणि त्यातल्या त्यात सोपे आहेत. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणी करणाऱ्या कंपनीला उपचार आणि भरपाई दोन्ही द्यावी लागतात, आणि मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ८ लाखांच्या मूळ रकमेवर वय आणि जोखीम धरून ठरतं. संमतीपत्राची प्रत मात्र तुमच्याजवळ हवी.

कंपनीचा माणूस घरी आला तर

येतो. अहवाल विरोधात जातोय असं दिसलं की येतो, सफरचंदं घेऊन. "ताई, माणुसकीच्या नात्याने कंपनी एवढं देतेय." चहा द्या. सही देऊ नका. कागदावर 'संपूर्ण व अंतिम' आणि 'याबाबत कुठेही तक्रार करणार नाही' असे शब्द असतात. उरलेलं औषध 'आमच्या लॅबमध्ये तपासतो' म्हणून मागतील, तेही देऊ नका. पैसे घ्यायचेच असतील तर आयोगासमोर, तडजोडीची नोंद करून घ्या. ती नोंद मोडली तर वसुली करता येते.

तेलाच्या बाटलीवाल्या काकांचं सांगायचं राहिलं. ज्या मेडिकलमधून औषध घेतलं तिथल्या पोराने संगणकात मोबाइल नंबर टाकून जुनं बिल काढलं आणि त्यावर बॅच नंबर निघाला. कपाटात त्याच बॅचच्या तीन बाटल्या शिल्लक होत्या. काकांनी एक विकत घेतली. उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी निरीक्षकाने सील केल्या. पोचपावतीची नक्कल आमच्या केंद्रातल्या फाइलला लागली आहे. अहवाल यायचा आहे.